हरलेला किल्ला

दिवाळीच्या सुटीत एक कामगिरी माझ्याकडे दरवर्षी ठरलेली असते. आमच्या गावात मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा होते आणि तिचा परीक्षक म्हणून मला बोलावणे येते. शाळेत मराठी शिकवणाऱ्या आणि पाचसहा कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला किल्ल्यांतले काय कळते, असे कुणी विचारीत नाही. मास्तर आहे म्हणजे गुण देता येतात, एवढी पात्रता लोकांना पुरते. मीही नाही म्हणत नाही. नरकचतुर्दशीचा फराळ उरकला की हातात वही घेऊन निघायचे, अंगणाअंगणातून दगडविटांवर पोती टाकून आणि वर चिखल लिंपून उभे केलेले गड पाहायचे, उतारांवर उगवलेल्या अळिवाचे आणि मोहरीचे कौतुक करायचे, माथ्यावर बसलेल्या महाराजांना मनोमन मुजरा करायचा, आणि हातावर पडलेली चकली खात पुढच्या अंगणाकडे वळायचे. इतके सुखाचे काम दुसरे नसेल.

पण या सुखाच्या कामात मी एकदा एका मुलावर अन्याय केला आहे. आज तीच गोष्ट सांगायला बसलो आहे.

वीसएक वर्षे झाली. मी तेव्हा नवा मास्तर होतो. त्या वर्षी पहिला नंबर मी ज्या किल्ल्याला दिला, त्याच्या तटावर रंगीत दिवे होते, पायथ्याशी आरशाचे तळे होते, बाजारातून आणलेले शंभरएक मावळे होते. रस्त्यावरून जाणारा माणूस थबकून पाही. पलीकडच्या आळीत सातवीतल्या एका मुलाने एक बोडका किल्ला केला होता. दिवे नाहीत, तळे नाही, मावळे मोजून पाच. मी त्याच्याकडे ओझरते पाहिले, वहीत बेताचे गुण मांडले आणि निघालो. बक्षीस समारंभ झाल्यावर तो मुलगा माझ्यामागे घरापर्यंत आला. डोळ्यांत पाणी नव्हते, रागही नव्हता. तो एवढेच म्हणाला, “सर, तुम्ही पाणी ओतून बघितलंच नाही.”

“कसलं पाणी?”

तो मला पुन्हा त्याच्या अंगणात घेऊन गेला. आतून तांब्या भरून आणला आणि बालेकिल्ल्याच्या माथ्यावर हळूहळू ओतू लागला. पाणी कुठेही तटावर न चढता बारीक चरातून वाहत खाली आले. माथ्याजवळचे टाके भरले, मग त्याखालचे, मग तिसरे. तिसरे भरल्यावर उरलेले पाणी तटाच्या पायथ्याशी ठेवलेल्या एका भोकातून बाहेर निघून गेले. चिखलाचा एक कपचाही ढळला नाही. “किल्ल्यावर माणसं राहायची ना सर,” तो म्हणाला, “मग त्यांना पाणी नको?”

खरे गड मीही पाहिलेले होते. कातळात खोदलेल्या टाक्यांतले गार पाणी प्यालो होतो. पण अंगणातल्या किल्ल्याला गुण देताना मला ती टाकी आठवली नाहीत. त्या मुलाने गडावर राहणाऱ्या माणसांकडे पाहून किल्ला बांधला होता. मी मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी तो पाहिला. निकाल लागून गेला होता, बक्षिसाची पेटी दुसऱ्याच्या घरी पोचली होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी आलो. दुसरे काय करणार?

तो मुलगा पुढे आर्किटेक्ट झाला. पुण्यातल्या एका मोठ्या कचेरीत तो दिवसा काम करतो आणि रात्री, बायको आणि मुलगी झोपल्यावर, स्पर्धांसाठी नकाशे काढतो. कुठे संग्रहालय व्हायचे असते, कुठे स्मारक, कुठे शाळा. जगात कुठे ना कुठे अशी स्पर्धा जाहीर होत असते. सहा वर्षांत त्याने पाच स्पर्धांत भाग घेतला. पाचही वेळा हरला.

गेल्या वर्षी दसरा उलटला आणि त्याचे वडील माझ्याकडे आले. एस.टी.तून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्याहून वयाने मोठे, तरी मला मास्तर म्हणतात आणि मी त्यांना काका म्हणतो. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, “मास्तर, तो तुमचं ऐकतो. नोकरी आहे, घराचा हप्ता आहे, पोरीची शाळा आहे. आणि हा रात्ररात्र जागून कागद रंगवतो, वर पदरचे पैसे भरून ते पाठवतो. कुणी बांधत नाही, कुणी विचारीत नाही. एकदा त्याला सांगा, आता पुरे म्हणावं.”

मी लगेच हो म्हटले असते तर ते समाधानाने घरी गेले असते. पण मला तो तांब्या आठवला. मी म्हटले, “काका, मला आठ दिवस द्या.”

त्या आठ दिवसांत मी जो विचार केला तो हा. आधीच सांगतो, मी या शास्त्रातला माणूस नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचलेले, आणि या विषयावर वाचले तेही या विद्यार्थ्याच्या नादाने, त्याने वेळोवेळी हाती ठेवलेल्या पुस्तकांतून.

पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला तो असा, की आर्किटेक्टला स्पर्धेची गरजच काय? डॉक्टर कुठे स्पर्धा करतो? वकील कुठे करतो? लोक येतात, काम सांगतात, पैसे देतात. आर्किटेक्टकडेही येतातच की! पण थोडा विचार केल्यावर ध्यानात आले, की काम घेऊन येणारा माणूस नुसता प्रश्न घेऊन येत नाही, सोबत उत्तरही घेऊन येतो. शेजाऱ्याच्या बंगल्याला जसा जिना आहे तसा त्याला हवा असतो. त्याची हौस, त्याची ऐपत, त्याच्या मेव्हण्याचा सल्ला, हे सगळे नकाशावर आधीच येऊन बसलेले असते. त्यात गैर काही नाही, घर त्याचे आहे. पण ज्या माणसाच्या मनात एखाद्या जागेविषयी स्वतःचा विचार उगवतो, त्याने तो कुठे पेरायचा? स्पर्धेत त्याच्यासमोर फक्त प्रश्न असतो. ही जागा आहे, इतकी लांबरुंद, इथे माणसांना अमुक करायचे आहे, बोल, तू काय करशील? आणि चांगल्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडते. उत्तर देणाऱ्याचे नाव झाकलेले असते.

नाव झाकण्याचा महिमा केवढा आहे ते अमेरिकेतल्या एका हकीकतीवरून कळते. व्हिएतनामच्या युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक वॉशिंग्टनमध्ये करायचे ठरले, तेव्हा १९८१ साली खुली स्पर्धा झाली. १४२१ आराखडे आले. प्रत्येकावर फक्त क्रमांक होता. परीक्षकांनी १०२६ क्रमांकाचा आराखडा निवडला आणि मग नाव उघडून पाहिले. ती येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची मुलगी निघाली, माया लिन नावाची, चिनी वंशाच्या आईबापांची लेक. तिने पुतळा काढला नव्हता, मनोरा काढला नव्हता. ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली होती, आणि ही जमीन कापून काळ्या दगडाच्या दोन भिंती उतारात बसवाव्यात, त्यांवर मेलेल्यांची नावे ज्या क्रमाने ती माणसे गेली त्या क्रमाने कोरावीत, एवढेच तिला सुचले होते. नाव आधी दिसले असते तर त्या कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिले असते का? निकालानंतर लोकांनी जे वादळ उठवले, त्यात तिच्या वंशावरही बोट ठेवले गेले, यावरूनच ओळखावे. १९८२ साली ते स्मारक झाले. लोक आजही तिथे जातात, आपल्या माणसाचे नाव शोधतात आणि त्यावर हात ठेवून उभे राहतात.

हे सारे खरे, पण ही जिंकल्याची गोष्ट झाली. काकांचा प्रश्न जिंकणाऱ्याचा नव्हता. १४२१ मधून एक वजा केला की १४२० उरतात. त्यांचे काय? त्यांनीही रात्री जागवल्या असतील, त्यांच्याही घरी हप्ते असतील. आणि सगळेच परीक्षक डोळस असतात असे थोडेच आहे? मी स्वतः कसला परीक्षक होतो ते सांगून चुकलोच आहे. स्पर्धा जाहीर करून शेकडो जणांच्या कल्पना फुकटात पाहायच्या आणि शेवटी काहीच बांधायचे नाही, असेही जगात होते. तेव्हा स्पर्धेची आरती ओवाळून काकांची समजूत घालणे हा लबाडपणा झाला असता.

म्हणून मी हरलेल्यांच्या गोष्टी आठवू लागलो.

१४०१ साली इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात एक स्पर्धा झाली. तिथल्या बाप्तिस्मागृहाला काशाचे दार करायचे होते. स्पर्धकांनी एकच प्रसंग काशात घडवून दाखवायचा होता, अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो तो. अखेरच्या निवडीत लोरेन्झो गिबर्ती आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की हे दोघे पुढे होते. दोघेही ऐन पंचविशीच्या आतबाहेरचे. काम गिबर्तीला मिळाले. ब्रुनेलेस्कीला वाटणीने काम देऊ केले होते आणि त्याने ते नाकारले, असेही सांगतात. मग तो रोमला गेला आणि जुन्या पडक्या इमारती मोजीत, त्यांचे रहस्य शोधीत हिंडला, असे त्याचा चरित्रकार सांगतो. पुढे १४१८ साली त्याच फ्लोरेन्समध्ये दुसरी स्पर्धा जाहीर झाली. तिथल्या मोठ्या चर्चच्या माथ्यावर घुमट चढवायचा होता. मधली मोकळी जागा दीडशे फुटांच्या आसपास, आणि एवढ्या रुंदीला खालून आधार देणारे लाकडी सेंटरिंग उभारायचे कसे, हे कुणाला सुचत नव्हते. ब्रुनेलेस्की म्हणाला, सेंटरिंग नकोच. त्याने विटांचा नमुना तसाच बांधून दाखवला. १४२० साली काम सुरू झाले आणि १४३६ साली घुमट पुरा झाला. आज फ्लोरेन्स म्हटले की तो घुमटच डोळ्यांपुढे येतो.

आता यावरून ‘हरलास तर काळजी करू नकोस, पुढे जिंकशील’ असे तात्पर्य काढणे सोपे आहे. मास्तर लोकांना अशी तात्पर्ये फार आवडतात. पण ते खोटे आहे, कारण पुष्कळ जण पुढेही जिंकत नाहीत. मला त्या गोष्टीत दुसरेच काही दिसते. १४०१ सालचे ते दोन्ही नमुने आजही फ्लोरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. जिंकलेलाही आणि हरलेलाही. सहाशे वर्षे होऊन गेली तरी लोक दोन्हींसमोर उभे राहतात आणि हरलेल्याच्या बाजूनेही भांडतात. मनापासून दिलेले उत्तर निकालाने खोटे ठरत नाही.

दुसरी गोष्ट १९२२ सालची. शिकागोच्या ट्रिब्यून वर्तमानपत्राने आपल्या कचेरीच्या उंच इमारतीसाठी जगभरातून आराखडे मागवले. अडीचशेच्या वर आले. पहिले बक्षीस हॉवेल्स आणि हूड या अमेरिकन जोडीला गेले. दुसरे फिनलंडच्या एलिएल सारिनेनला. त्याचा मनोरा कधीच बांधला गेला नाही. पण लुई सलिव्हनसारख्या जाणत्या म्हाताऱ्याने छापून सांगितले, की खरा मान या दुसऱ्याचा होता. आणि नंतरच्या वर्षांत अमेरिकेत जे उंच मनोरे झाले, वर चढताना पायरीपायरीने आत सरकत गेलेले, त्यांतल्या कितीतरींवर त्या न बांधलेल्या मनोऱ्याची सावली पडलेली आहे. खुद्द पहिल्या आलेल्या रेमंड हूडने पुढे जे बांधले, त्यातही ती दिसते. सारिनेन आपले बिऱ्हाड घेऊन अमेरिकेत गेला आणि तिथेच राहिला. हरलेल्या कागदाने एका कुटुंबाचा देश बदलला.

याच कुटुंबातली पुढची हकीकत मी आठ दिवसांनी काकांना सांगितली, कारण ती बापलेकांची आहे. सेंट लुई शहरात एक राष्ट्रीय स्मारक करायचे होते. १९४७ साली स्पर्धा निघाली. म्हाताऱ्या एलिएलने भाग घेतला आणि त्याचा मुलगा एरो यानेही, पण वेगळा. पहिल्या फेरीत निवड झाल्याची तार घरी आली ती बापाच्या नावावर. सगळ्यांनी आनंद केला, शॅम्पेनची बाटली उघडली. मागाहून कळले, की तार चुकीच्या सारिनेनला आली. निवड मुलाची झाली होती.

काका पुढे सरकून बसले. “मग? बापाला वाईट नाही वाटलं?”

“त्यानं दुसरी बाटली उघडली,” मी म्हणालो. “मुलासाठी.”

काका काही बोलले नाहीत. त्या मुलाचे स्मारक म्हणजे पोलादाची ६३० फूट उंच कमान. ती १९६५ साली पुरी झाली. आणि एरो १९६१ सालीच वारला होता, अवघ्या एकावन्नाव्या वर्षी. जिंकणाऱ्यालाही ती उभी पाहायला मिळाली नाही.

जिंकणाऱ्याच्या पदरात तरी शेवटी काय पडते, याचे आणखी मोठे उदाहरण आहे आणि त्यातही हा एरो येतोच, पण परीक्षक म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहराने १९५६ साली संगीतगृहासाठी स्पर्धा मांडली. २३३ आराखडे आले. निकाल १९५७च्या जानेवारीत लागला आणि बक्षीस मिळाले डेन्मार्कच्या योर्न उत्झनला. तो ३८ वर्षांचा होता. त्याच्या नावावर तोवर काही घरे आणि एक पाण्याची टाकी, असेच किरकोळ काम होते. स्पर्धांतून मात्र तो वर्षानुवर्षे कागद पाठवीत आला होता. एरो सारिनेन सिडनीला उशिरा पोचला आणि बाजूला टाकलेल्या गठ्ठ्यातून त्याने हा आराखडा वर काढला, असे सांगतात. ही गोष्ट खरी किती आणि सजवलेली किती, यावर जाणकार भांडतात. पण ती सांगताना मला दरवेळी माझी गुणांची वही आठवते.

उत्झनने उत्तर कसे शोधले ते पाहण्यासारखे आहे. त्याने सिडनी पाहिलेलेही नव्हते. त्याचे वडील जहाजांचे आराखडे करीत. त्यामुळे त्याने सिडनी बंदराचे दर्यावर्दी नकाशे मिळवले आणि ते वाचीत बसला. त्याच्या ध्यानात आले, की ही जागा पाण्यात घुसलेल्या जिभेसारखी आहे. तिला पुढची बाजू आणि मागची बाजू असे काही नाही. लोक ती बोटींतून पाहणार, समोरच्या किनाऱ्यांवरून पाहणार आणि शेजारच्या उंच पुलावरून वाकून पाहणार. मग या इमारतीचे छप्पर हीच तिची मुख्य भिंत! मेक्सिकोत पाहिलेले प्राचीन ओटे त्याच्या मनात होते. तसा एक भला मोठा ओटा त्याने कल्पिला आणि त्यावर शिडांसारखी पांढरी छपरे ठेवली. परीक्षकांना कोणती शैली आवडते याचा शोध घेत तो बसला नाही. जागा काय मागते, हे त्याने विचारले. हाच तो तांब्या, असे मला वाटते. जागेवर पाणी ओतून पाहायचे, म्हणजे ते कुठे वाहते ते कळते.

पुढची कथा मात्र दुःखाची आहे. ती छपरे बांधायची कशी, हे त्यालाही सुरुवातीला ठाऊक नव्हते. १९६१च्या सुमारास त्याला उत्तर सापडले. सगळी छपरे एकाच मोठ्या गोलाचे तुकडे म्हणून कापावीत, म्हणजे सगळ्यांची गोलाई एक होते आणि भाग साच्यातून पाडता येतात. पण खर्च वाढत गेला, नवे सरकार आले, पैशांवरून खटके उडाले, आणि १९६६ साली तो काम सोडून देशाबाहेर पडला. इमारत दुसऱ्यांनी पुरी केली. ७० लाख डॉलरांचा अंदाज होता तो १० कोटी २० लाखांवर गेला. १९७३ साली राणीच्या हस्ते उद्घाटन झाले. उत्झन तिथे नव्हता. २००८ साली तो वारला. सिडनीला तो पुन्हा कधी गेलाच नाही.

म्हणजे पाहा, जिंकणे हातचे नाही, बांधणे हातचे नाही, आणि बांधलेले पाहणे तर त्याहून नाही. मग आर्किटेक्टच्या हातचे काय उरते? नीट विचारलेला प्रश्न आणि त्याला आपल्यापरीने दिलेले खरे उत्तर, एवढेच. स्पर्धेचे मोल इथे आहे, असे मला वाटते. ती ठरावीक मुदतीत सबंध उत्तर मागते. मनातल्या मनात घोळवलेली कल्पना आणि जिन्याच्या पायऱ्या मोजून, दाराला दार जुळवून, पावसाचे पाणी काढून देऊन कागदावर उतरवलेली कल्पना, यांत फार अंतर आहे. आणि निकालानंतर दुसऱ्यांनी त्याच जागेला दिलेली उत्तरे आपल्यासमोर येतात. आपण ज्या वळणावर अडलो तिथून दुसरा कसा पार झाला, हे दाखवणारी अशी शाळा दुसरी नाही.

पण या शाळेत एक मोठा धोका आहे आणि तो मी स्वतः भोगला आहे, म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कादंबरीस्पर्धेसाठी हस्तलिखित पाठवले. परीक्षक कोण ते मला आधीच कळले होते. एकाला करुण शेवट आवडतो हे ऐकून होतो. माझ्या कथेतली बाई चिवट होती. नवरा गेल्यावर तिने गिरणीत दळण दळून मुले वाढवली असती. मी तिला शेवटच्या प्रकरणात विहिरीत ढकलले. मला दुसरे बक्षीस मिळाले. त्या पैशांतून घरी पहिला पंखा आला. पण त्या पुस्तकाची शेवटची पाने मी आजपर्यंत पुन्हा उघडलेली नाहीत. ती बाई विहिरीत उडी घेणारी नव्हती, हे मला लिहितानाच ठाऊक होते.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्याला जे पत्र लिहिले, त्यात ‘थांब’ असेही लिहिले नाही आणि ‘लढत राहा’ असेही नाही. मी लिहिले: “वर्षातून एकच स्पर्धा घे. जी जागा तुला झोपू देणार नाही तीच घे. घराचा हप्ता आणि मुलीची फी यांतला पैसा तिच्यात घालू नकोस, आणि बायकोला विचारल्याशिवाय एकही रात्र जागवू नकोस. कारण त्या रात्री तुझ्या एकट्याच्या नसतात. कागद पाठवण्याआधी स्वतःला एकच विचार: हे हरले तर मला जपून ठेवावेसे वाटेल का? उत्तर ‘नाही’ आले, तर तू जागेसाठी नाही, परीक्षकासाठी काढतो आहेस. तो कागद पाठवू नकोस. आणि उत्तर ‘हो’ आले, तर निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.” खाली आणखी एक ओळ लिहिली. ती वीस वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती: “तुझ्या किल्ल्याला गुण देताना माझी चूक झाली.”

पत्रातला मजकूर मी काकांना वाचून दाखवला. त्यांना तो फारसा रुचला नसावा. थोडा वेळ ते उपरण्याशी चाळा करीत बसले. मग जाताना दारात थांबून म्हणाले, “मास्तर, तो त्या कागदावर काय काढतो, ते मला कळेल का हो? मी कधी बघितलंच नाही.”

“बघा की,” मी म्हटले.

पाडव्याच्या दिवशी मी त्यांच्याकडे फराळाला गेलो. मुलगा, सून आणि नात पुण्याहून आली होती. ओसरीवर सतरंजी टाकून त्यावर सगळ्यात अलीकडे हरलेला आराखडा पसरला होता. कोकणपट्टीतल्या एका गावासाठी ग्रंथालय. कागदाच्या चार कोपऱ्यांवर उडू नये म्हणून फराळाच्या वाट्या ठेवल्या होत्या. मुलगा काहीतरी सांगत होता आणि काका चष्मा लावून, गुडघ्यांवर हात टेकून वाकून पाहत होते. भिंती, खिडक्या, जिना यांतले त्यांना किती कळले कोण जाणे. बऱ्याच वेळाने त्यांनी छपराच्या दोन उतारांच्या मधोमध बोट ठेवले आणि विचारले,

“इथं एवढा पाऊस पडणार. मग हे पाणी जाईल कुठं?”

माझ्या विद्यार्थ्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मग तो वडिलांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्यांचे बोट हातात धरून कागदावरून हळूहळू खाली नेऊ लागला.